पॉलिमरचा कोळसा, कोळशात धातू

लाकूड हवा न लागू देता तापवलं की कोळसा पडतो. त्याच लाकडात धातूचे अणू विखुरलेले असते, तर कोळशात धातूचे कण सापडले असते. धातू असलेला पॉलिमर (लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी) तापवून नॅनोकंपोझिट, म्हणजे अतिसूक्ष्म (नॅनो) कण दुसऱ्या पदार्थात विखुरलेला मिश्र पदार्थ, करतात ते याच तत्त्वावर. ऐकायला सोपं आहे, पण एक खोडा पहिल्यापासून होता : गरम धातूचे बारीक कण एकटे राहत नाहीत. एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि नॅनोपणाचा फायदा जातो. कणांना एकमेकांपासून दूर कोण ठेवणार, याच प्रश्नाभोवती या पद्धतीचा इतिहास फिरतो.

पहिला धागा भट्टीबाहेरचा आहे. 1857 मध्ये मायकेल फॅरेडेने सोन्याचे तांबडे द्रावण केले. त्यात मीठ पडले की कण गोळा होऊन रंग निळा होई, पण आधी जिलेटिन घातले तर तांबडा रंग टिके. म्हणजे लांब रेणू पहारा देतात हे तेव्हाच दिसले होते.

दुसरा धागा कार्बोनिलांचा, म्हणजे धातू आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयुगांचा. 1890 मध्ये लुडविग माँड आणि सहकाऱ्यांनी निकेल कार्बोनिल जाहीर केले. थोडी उष्णता दिली की त्यातला कार्बन मोनॉक्साइड उडून जातो आणि मागे निव्वळ निकेल उरते. हे दोन धागे जुळायला पाऊणशे वर्षे लागली. जे. आर. थॉमस यांनी 1966 मध्ये पॉलिमर विरघळवलेल्या गरम टोल्युइनमध्ये कोबाल्ट कार्बोनिलचे विघटन केले आणि चुंबकीय कोबाल्टचे सूक्ष्म कण मिळवले. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे होते. 1980 मध्ये स्मिथ आणि वायचिक यांनी लोखंडाच्या कार्बोनिलवर असाच प्रयोग केला, तेव्हा पॉलिमर नुसता पहारेकरी नाही, विघटनाला चालनाही तोच देतो, हे पुढे आले.

मग धातू बाहेरून कशाला घालायचा, साखळीतच का गुंफू नये? फेरोसीन, म्हणजे लोखंडाचा अणू दोन कार्बनी कड्यांमध्ये धरलेले संयुग, 1951 मध्ये हाती आले होते आणि 1955 मध्ये व्हिनाइल फेरोसीनचा पॉलिमरही झाला होता. पण भट्टीतून वस्तू बनवण्याचा आत्मविश्वास आला तो जपानमधून. तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी 1975 च्या सुमारास सिलिकॉनयुक्त पॉलिमरचे धागे काढून, ते तापवून सिलिकॉन कार्बाइडचे तंतू केले. पुढे त्याच घराण्यात टायटॅनियम असलेला पॉलिमर आला आणि टिरॅनो तंतू बाजारात उतरले. इयान मॅनर्स यांच्या गटाने 1992 मध्ये लोखंड आणि सिलिकॉन दोन्ही मुख्य साखळीत असलेला लांब पॉलिमर बनवला. 2000 मध्ये तो आकार देऊन तापवला, तर आकार तसाच राहून आत लोखंडाचे कण असलेले सिरॅमिक मिळाले. तापमान बदलून कणांचा आकार आणि चुंबकत्व दोन्ही बदलता येत होते.

रशियातल्या चेर्नोगोलोव्कात अनातोली पोमोगाइलो आणि गुलझियान जार्दिमालिएवा यांनी याहून साधा कच्चा माल घेतला : ॲक्रिलिक आम्लाचे धातूक्षार. असा क्षार हवेविना हळूहळू तापवला की आधी साधारण 200 अंशांच्या आत स्फटिकातले पाणी निघते. मग घन अवस्थेतच रेणू जोडले जाऊन पॉलिमर तयार होतो. त्यापुढे कार्बन डायॉक्साइड सुटू लागतो, वजन झपाट्याने घटते आणि काळी भुकटी उरते. तिच्यात धातूचे किंवा त्याच्या ऑक्साइडचे कण पॉलिमरच्या अवशेषात रुतलेले असतात. मोनोमर (साखळीची सुटी कडी), साखळी आणि कण, तिन्ही टप्पे एकाच भांड्यात उरकतात. ही युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते, पण तिच्याकडे मानाने कमी लक्ष गेले.

जास्त लक्ष गेले इंधन घटांकडे, म्हणजे हायड्रोजनसारखे इंधन आणि ऑक्सिजन यांपासून थेट वीज करणाऱ्या घटांकडे, कारण तिथे ऑक्सिजनची अभिक्रिया घडवायला लागणारे महागडे प्लॅटिनम वाचवायचे होते. कोबाल्टचे थॅलोसायनिन (मधोमध धातूचा अणू धरलेला नायट्रोजनयुक्त कड्याचा रेणू) ऑक्सिजनच्या क्षपणाला, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन घेण्याला, मदत करते हे रेमंड जासिन्स्की यांनी 1964 मध्ये दाखवले. असे रेणू तापवले की जास्त टिकतात हे 70 च्या दशकात कळले. 1989 मध्ये अर्नेस्ट यीगर यांच्या गटाने महागडा रेणू बाजूला ठेवून पॉलिॲक्रिलोनायट्राइल हा नायट्रोजन असलेला पॉलिमर आणि धातूचे साधे क्षार एकत्र तापवले. काम झाले. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या गटाने पॉलिॲनिलिन (हाही नायट्रोजनयुक्त पॉलिमर), लोखंड आणि कोबाल्ट वापरून तोच मार्ग बराच पुढे नेला.

गंमत म्हणजे त्यांच्या कृतीत पहिल्या भट्टीनंतर भुकटी पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये 80 अंशांवर 8 तास ठेवतात, उघडे पडलेले धातूचे कण धुऊन टाकायला. ज्या कणांभोवती ग्राफाइटचे कवच चढलेले असते ते मात्र ॲसिडलाही दाद देत नाहीत. खरे काम हे कवचातले कण करतात की नायट्रोजनला धरून बसलेले एकेकटे लोखंडाचे अणू, यावर पुढे बरीच वर्षे वाद रंगला.