बंकरमधल्या वाळूला हात लावला की दंड?

गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, वाळूला हात लागला की दंड, म्हणून पुरलेला चेंडू शोधताच येत नाही.

हा समज होणं स्वाभाविक आहे, कारण नियम १२ खरंच कडक आहे. फटक्याआधी वाळू चाचपायची नाही, चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब (गोल्फची काठी) टेकवायचा नाही, सरावाच्या स्विंगमध्ये वाळू उडवायची नाही. पण चेंडू शोधणं नियम ७ मध्ये येतं. तिथे हाताने किंवा क्लबने वाळू बाजूला करायला स्पष्ट मुभा आहे. वेळ मात्र ३ मिनिटं. शोधताना चेंडू चुकून हलला, तरी दंड नाही. तो मूळ जागी ठेवायचा.

खरी गोम पुढे आहे. चेंडू सापडला की वाळू होती तशी करायची, म्हणजे तो पुन्हा पुरायचा! पूर्ण झाकलेला असेल, तर त्याचा छोटासा भाग उघडा ठेवता येतो. आपलाच आहे का हे बघायला उचलायचा असेल, तर आधी जागेवर खूण करा. खुणेविना उचललात तर १ फटक्याचा दंड.

खात्री करायची तर नियमावलीत ७.१, ७.४ आणि १२.२ शेजारी ठेवून वाचा.