मचाणाचा पट्टा वर बसल्यावर नाही, जमिनीवरच बांधायचा

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला नव्याने निघालेल्यांना कधी कधी सांगितलं जातं: वर बसलास की कमरेला पट्टा आवळ, झालं. हे साफ चुकीचं आहे, आणि जिवावर बेतणारं.

ट्री-स्टँडवरून, म्हणजे झाडाला लावायच्या, काढून दुसरीकडे नेता येणाऱ्या मचाणावरून, माणसं पडतात ती बहुतेकदा चढता-उतरताना, किंवा शिडीवरून पाय उचलून फळीवर ठेवताना. पहाटेचा अंधार, दव पडलेली फळी, जाड बूट. त्या क्षणी तुम्ही मोकळे असाल तर वरचा पट्टा काय कामाचा? कमरपट्टा तर पडताना सरकून छातीवर आवळतो, श्वास कोंडतो. खांदे, छाती, मांड्या धरणारा पूर्ण हार्नेसच हवा, आणि जमिनीवरून पाय उचलण्याआधीच तो खोडाला जोडलेला हवा. पडून लटकलात तर पायात रक्त साकळतं, म्हणून पाय टेकायला दोराचा फासही जवळ ठेवा.

पहिलं मचाण निवडताना वजनमर्यादा बघा. सहसा ३०० पौंड, म्हणजे साधारण १३६ किलो, आणि त्यात कपडे, पिशवी, धनुष्य सगळं आलं. खोडाला धरून वर सरकत जाणारं मचाण सरळ, बिनफांदीच्या झाडालाच चालतं. सरकारी जमिनीवर असं झाड मिळेलच असं नाही, म्हणून सुट्या शिड्यांचं हलकं मचाण मला बरं वाटतं. झाडात स्क्रू ठोकायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. मचाण रात्रभर ठेवता येतं का, तेही त्या राज्याच्या नियमांत आधी वाचा.