दुर्गम हवामान केंद्रांची निगा: चूक कोठे दडते?

मे 2024 च्या अखेरीस उष्णतेची लाट ऐन भरात असताना दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने 29 तारखेला 52.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि दुसऱ्याच दिवशी नागपुरातील एका केंद्राने थेट 56 अंशांचा आकडा दाखवला. राजस्थानातील फलोदी येथे 19 मे 2016 रोजी नोंदलेले 51 अंश हा तोवरचा देशातील उच्चांक असल्यामुळे दोन्ही आकड्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे भारतीय हवामानशास्त्र विभागाने तपासणीनंतर जाहीर केले आणि नागपूरचा आकडाही बिघाडातून आलेला ठरला. मात्र तीन अंशांची हीच चूक जानेवारीत झाली असती आणि 26 च्या जागी 29 अंश दिसले असते, तर तिची कोणी दखलही घेतली नसती. पूर्ण बंद पडलेले केंद्र आपण बंद असल्याचे निदान कळवते तरी. थोडेसे चुकणारे केंद्र मात्र महिनोन्महिने विश्वासार्ह वाटणारे आकडे पाठवत राहते. दुर्गम भागातील केंद्रांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचे खरे काम ही दुसऱ्या प्रकारची चूक शोधण्याचे असते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हे काम विशेष अवघड होते, कारण तेथे शेजारच्या केंद्राशी तुलना करून चूक पकडण्याची सोय फारशी उपयोगी पडत नाही. सपाट प्रदेशात चार केंद्रांनी 30 मिलिमीटर पाऊस दाखवला आणि पाचव्याने शून्य, तर पाचव्यावर संशय घेता येतो. डोंगराळ आणि किनारी भागात असा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरातील कुलाब्याला 75 मिलिमीटरही झाला नाही. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. म्हणून यंत्र खरे बोलते की नाही, हे यंत्रापाशी जाऊनच ठरवावे लागते.

सर्वाधिक वेळ पर्जन्यमापकात जातो, आणि तो जायलाही हवा. स्वयंचलित पर्जन्यमापकात गाळणीच्या नरसाळ्यातून येणारे पाणी आसावर तोललेल्या दोन छोट्या कप्प्यांपैकी एकात साठते. तो कप्पा ठरावीक पाण्याने भरला की कलंडतो, रिकामा होतो आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक चुंबकीय स्विच क्षणभर जोडला जातो आणि लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारा संगणक, एक आकडा पुढे सरकतो. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास 200 मिलिमीटर असेल आणि एका कलंडण्याचा अर्थ 0.2 मिलिमीटर पाऊस असेल, तर कप्प्यात दर वेळी सुमारे 6.28 मिलिलिटर पाणी भरले पाहिजे. तपासणीची रीत याच हिशेबावर उभी आहे. मोजून घेतलेले 628 मिलिलिटर पाणी बारीक धारेने तासाभरात नरसाळ्यात सोडायचे आणि कप्पे शंभर वेळा कलंडतात का ते पाहायचे. दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक आला, तर कप्प्यांखालचे स्क्रू फिरवून त्यांची पातळी बदलावी लागते. त्याआधी मात्र पाणसळ लावून यंत्राची बैठक समतल आहे याची खात्री केलेली असली पाहिजे, नाहीतर तिरक्या यंत्रावर केलेले समायोजन यंत्र सरळ होताच पुन्हा चुकते. शिवाय चाचणीपूर्वी लॉगरची जोडणी काढायला तंत्रज्ञ विसरला, तर मे महिन्याच्या निरभ्र दुपारी त्या केंद्रावर 20 मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद थेट मुख्यालयात पोहोचते.

या यंत्राला एक अंगभूत मर्यादाही आहे. कप्पा कलंडायला साधारण अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात आलेल्या पाण्याचा काही भाग आधीच भरलेल्या कप्प्यात पडून वाया जातो. रिमझिम पावसात हा तोटा नगण्य असतो. पण ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत कप्पा साधारण दर सात सेकंदांनी कलंडतो आणि मोजणी काही टक्क्यांनी कमी भरते. महाबळेश्वरला जुलै 2021 मध्ये 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा ठिकाणी संथ धारेची एकच चाचणी पुरेशी नसते. वेगवेगळ्या वेगाने पाणी सोडून प्रत्येक वेगाला किती तूट येते, हे पाहून दुरुस्तीचे कोष्टक बनवावे लागते. अतिवृष्टीच्या प्रदेशातली यंत्रे अतिवृष्टीच मोजताना कमी पडावीत, हा विरोधाभास आहे खरा.

बाकीचे शत्रू साधे आणि चिवट असतात. पाने, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याची जाळी आणि गांधीलमाशीचे मातीचे घर यांपैकी काहीही नरसाळ्याचे छिद्र अर्धवट बुजवू शकते. छिद्र पूर्ण बुजले, तर भर पावसातला शून्य कोणाच्याही डोळ्यांत भरतो. अर्धवट बुजले, तर पाणी झिरपत राहते आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक तास कप्पे सावकाश कलंडत राहतात. मुसळधार सरीची नोंद रात्रभराच्या भुरभुरीसारखी दिसली, की अनुभवी तंत्रज्ञ आकड्यांच्या आलेखावरूनच गाळणी तुंबल्याचे ओळखतो. नरसाळे काठोकाठ भरून वाहू लागले, तर तेवढा पाऊस नोंदीतून कायमचा निसटतो. महाराष्ट्रात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरून मदतीचा विचार होतो, आणि महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभारली गेली आहेत. प्रत्यक्षातल्या 68 मिलिमीटरच्या जागी 63 दाखवणारी गाळणी किती शेतकऱ्यांचे गणित बिघडवते, हे वेगळे सांगायला नको.

तापमानाची चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक केंद्रांत प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर असतो, ज्याचा विद्युतरोध शून्य अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशामागे साधारण 0.39 ओहमने वाढतो. याचा अर्थ, सेन्सर दोनच तारांनी जोडलेला असेल आणि दमटपणामुळे जोडणीवर चढलेल्या हिरवट गंजाने एका ओहमची भर घातली, तर तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलेले दिसते. चार तारांच्या जोडणीत वीजप्रवाह नेणारी आणि विद्युतदाब मोजणारी तारांची जोडी वेगळी असल्यामुळे तारांचा रोध मोजणीत येत नाही. दोष सेन्सरमध्ये आहे की लॉगरमध्ये, हे ठरवण्यासाठी सेन्सर काढून त्याच्या जागी अचूक रोधक जोडतात: 115.54 ओहमला लॉगरने 40 अंश दाखवले, तर लॉगर निर्दोष आहे. सेन्सरभोवतीची पांढऱ्या तबकड्यांची छत्री धुणे हेही यातलेच काम आहे, कारण धुळीने आणि शेवाळाने काळवंडलेली छत्री ऊन शोषते आणि वारा पडलेला असताना आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम होते.

वायुदाबाच्या बाबतीत निसर्गानेच एक तपासणी देऊन ठेवली आहे. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात भरती-ओहोटीसारख्या लहरी उठतात आणि उष्ण कटिबंधात रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वाढतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा चढउतार दोन-तीन हेक्टोपास्कलचा असतो आणि वादळ नसेल तर जवळपास रोज दिसतो. एखाद्या केंद्राच्या आलेखात तो दिसेनासा झाला, की हवेचे छिद्र बुजले असावे किंवा सेन्सर निकामी झाला असावा. आकडा सरसकट दोन हेक्टोपास्कलने सरकला असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. त्यासाठी प्रमाणित दाबमापक डोंगरावर नेऊन शेजारी ठेवावा लागतो.

वाऱ्याची उपकरणे दहा मीटर उंच खांबावर असतात. वाट्यांच्या वायुवेगमापकाचे बेअरिंग झिजले, की मंद वाऱ्यात वाट्या फिरतच नाहीत आणि नोंदींमध्ये शांत तासांची संख्या वाढू लागते. दिशादर्शकाचा शून्य अंश खऱ्या उत्तरेला जुळवावा लागतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असल्याने होकायंत्र पुरेसे वाटते. पण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिजे असतात आणि खांबही लोखंडी असतो. म्हणून दूर उभे राहून, नकाशावर दिशा माहीत असलेल्या एखाद्या शिखराशी पडताळा घेणे अधिक भरवशाचे ठरते.

ही सारी कामे पावसाआधी उरकावी लागतात. जुलैत घाटातल्या दरडींमुळे केंद्रापर्यंत पोहोचण्याची खात्री नसते, आणि आठवडाभर ढग न हटल्यास सौर पॅनेल बॅटरी पुरेशी भरू शकत नाही. जुनी बॅटरी दिवसा 12 व्होल्टच्या वर दिसते, पण उपग्रहाकडे माहिती पाठवणारा ट्रान्समीटर चालू होताच तिचा दाब कोसळतो. त्यामुळे ती भार जोडूनच तपासावी लागते. भूसंपर्कनाचा, म्हणजे अर्थिंगचा, खड्डाही मेमध्येच पाहायचा असतो. जांभ्याच्या कोरड्या कातळात वीज सहज जिरत नाही आणि वळवाच्या गडगडाटात एका लखलखाटाने लॉगर जळू शकतो.

तंत्रज्ञाच्या पिशवीत पाने, मल्टिमीटर आणि मोजपात्र यांच्याइतकीच नोंदवही महत्त्वाची असते, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. केंद्रावर पोहोचताच फडके उचलून साफसफाईला लागण्याचा मोह होतो. पण यंत्र ज्या अवस्थेत सापडले त्याच अवस्थेत आधी प्रमाणित उपकरणाशी तुलना करून फरक लिहून ठेवला पाहिजे. छत्री धुण्यापूर्वी सेन्सर 1.4 अंश जास्त दाखवत होता आणि धुतल्यावर 0.2 अंश, हे तारखेसह लिहिलेले असेल, तर मागील भेटीपासूनच्या नोंदी किती संशयास्पद आहेत याचा अंदाज बांधता येतो. ते लिहिले नसेल, तर पुढे तापमानाच्या मालिकेत एक अंशाहून मोठी पायरी तेवढी दिसते आणि ती हवामान बदलल्याने आली की फडक्याने, हे तीस वर्षांनी ती मालिका तपासणाऱ्याला ठरवता येत नाही. केंद्राजवळचे झाड तोडले गेले, शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली, सेन्सर बदलला, अशा प्रत्येक गोष्टीची नोंद आणि चारही दिशांची छायाचित्रे त्याच वहीसोबत मुख्यालयात जायला हवीत.