चाचणी कोणी करायची? अ‍ॅजाइल प्रकल्पांतील गुणवत्ता हमीची पार्श्वभूमी

मुंबईतील बँका, दलाली पेढ्या आणि विमा कंपन्या यांच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संघांत अ‍ॅजाइल पद्धतीतला, म्हणजे सॉफ्टवेअर थोडे थोडे करून लवकर हाती देण्याच्या पद्धतीतला, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा छोटा ठरीव हप्ता, आता सर्रास दिसतो. त्याच कार्यालयांत वेगळी टेस्टिंग टीम, तिचा वेगळा लीड आणि रिलीजपूर्वी तिच्याकडून घ्यायची लेखी संमती, म्हणजे साइन-ऑफ, हेही टिकून आहे. या दोन पद्धती वेगवेगळ्या काळांत जन्मल्या आणि त्यांच्यामागचे विचार काही बाबतींत थेट एकमेकांविरुद्ध जातात. अ‍ॅजाइल प्रकल्पात टेस्टरने नेमके काय करायचे, यावर मुंबईच्या संघांत होणारे बरेचसे वाद या जुन्या विरोधातून निघालेले आहेत.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफरॅक हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांएवढी होती. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे कितीतरी मोठे यंत्र आले आणि बाहेरच्या संस्थांतील संशोधकही त्यावर आपले काम चालवून घेऊ लागले. यंत्राचा वेळ दुर्मीळ होता, त्यामुळे ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच तो आधी कागदावर पायरी-पायरीने चालवून पाहायचा, म्हणजे ड्राय रन करायचा, ही त्या काळाची स्वाभाविक शिस्त होती. लिहिणारा आणि तपासणारा एकच होता.

प्रोग्राम मोठे झाले तसे हे काम वाटले गेले. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत सॉफ्टवेअर वेळेवर, ठरलेल्या खर्चात आणि भरवशाचे का तयार होत नाही यावर खल झाला. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध लिहिला. गरजांपासून वापरापर्यंतच्या पायऱ्या उतरत्या क्रमाने दाखवणारी त्यातील आकृती पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणून रूढ झाली आणि तीत चाचणी जवळजवळ शेवटी होती. रॉइस यांनी मात्र त्याच निबंधात स्पष्ट इशारा दिला होता की, वेळ, साठवण आणि माहितीची ने-आण यांचा खरा अनुभव पहिल्यांदा चाचणीच्या टप्प्यावर येतो आणि तोवर उशीर झालेला असतो, म्हणून ही रचना जशीच्या तशी राबवणे धोक्याचे आहे. चाचणीचे बरेच काम मूळ रचनेत सहभागी नसलेल्या तज्ज्ञांकडे द्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. उद्योगाने आकृती उचलली, तज्ज्ञांची सूचना उचलली आणि इशारा तेवढा मागे ठेवला. पुढच्या तीन दशकांतील कितीतरी रखडलेल्या प्रकल्पांचे मूळ मला या निवडीत दिसते.

वेगळ्या चाचणीला दुसरा आधार १९७९ मध्ये मिळाला. ग्लेनफर्ड मायर्स यांनी चुका शोधण्याच्या हेतूने प्रोग्राम चालवणे अशी चाचणीची व्याख्या केली आणि प्रोग्रामरने स्वतःच्या प्रोग्रामची चाचणी करणे टाळावे, हे तत्त्व मांडले. यामागे मानसशास्त्रीय निरीक्षण होते: जो माणूस एखादी गोष्ट उभी करतो, त्याला ती मोडून पाहणे जड जाते. हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही. त्यातून स्वतंत्र चाचणीचा पेशा उभा राहिला आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली.

मुंबईत या पेशाला व्यवहाराचेही बळ मिळाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्येच येथे सुरू झाली होती आणि १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. परदेशी ग्राहकासाठी काम करताना चाचणी हा मोजता येणारा, वेगळे बिल लावता येणारा टप्पा होता. १९९० च्या दशकात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या क्षमता परिपक्वता प्रारूपाने, म्हणजे सीएमएमने, प्रत्येक टप्प्याचा लेखी पुरावा मागितला आणि वायटूकेच्या, म्हणजे वर्षाचे फक्त शेवटचे दोन आकडे साठवणारे प्रोग्राम २००० साली चुकतील या भीतीतून निघालेल्या, कामाने हजारो जुन्या प्रोग्रामांची तारखांसह पुन्हा तपासणी करायला लावली. १९९९ च्या ३१ डिसेंबरनंतर काय होते, २००० च्या २९ फेब्रुवारीला काय होते, अशा टेस्ट केसेसवर येथील टेस्टरांची एक पिढी घडली. टेस्टरलाच ‘क्यूए’ म्हणण्याची सवयही अशा विभागणीत मुरली. वास्तविक गुणवत्ता हमी ही संपूर्ण प्रक्रियेची जबाबदारी असते आणि चाचणी हा तिचा एक भाग असतो.

सीप्झमध्ये हे घडत असताना अमेरिकेत उलट दिशेने विचार सुरू झाला होता. क्रायस्लर कंपनीच्या पगारप्रणालीच्या प्रकल्पावर १९९६ पासून केंट बेक यांनी ज्या पद्धती एकत्र आणल्या त्यांना एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग हे नाव मिळाले. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी एका विमानप्रवासात जेयुनिट हे चाचण्या आपोआप चालवणारे साधन लिहायला घेतले. या पद्धतीत प्रोग्रामरने आधी चाचणी लिहायची, ती नापास होते हे पाहायचे आणि मग ती पास होण्यापुरता कोड लिहायचा, असा क्रम होता. वापराच्या दृष्टीने होणाऱ्या चाचण्या ग्राहकाने ठरवायच्या होत्या. मायर्स यांचे तत्त्व येथे उलटे झाले. ज्याने टाळायची त्यानेच चाचणी करायची, आणि तीही सर्वांत आधी! चाचणी हा नंतरचा निवाडा असतो तेव्हा लिहिणाऱ्याचा पक्षपात आड येतो; ती आधी लिहिली की काय बनवायचे आहे याचे नेमके वर्णन होते, आणि हे वर्णन करायला लिहिणाराच योग्य असतो. हा फरक ध्यानात घेतला की दोन्ही म्हणणी आपापल्या जागी टिकतात.

फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला गेला. त्यातील ४ मूल्ये आणि त्यांना जोडलेली १२ तत्त्वे वाचली, तर त्यांत टेस्टर हा शब्द नाही, चाचणी हाही नाही. चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे एक तत्त्व आहे. ते चालते हे ठरवायचे कोणी, याबद्दल मात्र तेथे मौन आहे. त्या १७ जणांत चाचणीच्या क्षेत्रातून आलेले ब्रायन मॅरिक होते. २००३ मध्ये त्यांनी चाचण्यांचे चार भाग पाडले: काही चाचण्या व्यवसायाच्या भाषेतल्या, काही तंत्राच्या, काही बांधकामाला आधार देणाऱ्या, काही तयार वस्तूची चिकित्सा करणाऱ्या. लिसा क्रिस्पिन आणि जॅनेट ग्रेगरी यांनी २००९ मध्ये या मांडणीवर अ‍ॅजाइल चाचणीचे सविस्तर शास्त्र रचले. टेस्टरला संघात सन्मानाची जागा या मांडणीने दिली, असे मला वाटते. चिकित्सेचा भाग यंत्राकडे सोपवता येत नाही, हे तिने स्पष्ट केले. साधनेही तोवर आली होती. २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केलेले, ब्राउझर आपोआप हाताळणारे सेलेनियम आणि २०११ मध्ये नवे नाव घेतलेले, ठरलेली कामे आपोआप चालवणारे जेनकिन्स यांनी दर बिल्डवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या बांधणीवर, रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारे काही मोडले तर नाही ना याची फेरतपासणी, चालवणे आवाक्यात आणले.

मुंबईत अ‍ॅजाइल आले ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या आग्रहाने, जुनी करारपद्धत तशीच ठेवून. समोरासमोर बोलणे हे जाहीरनाम्याचे तत्त्व, आणि न्यूयॉर्क मुंबईच्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे. तेव्हा संघाच्या रोजच्या छोट्या बैठका, म्हणजे स्टँडअप, संध्याकाळी फोनवर होऊ लागल्या. अनेक संघांत स्प्रिंटचे पहिले आठ दिवस कोडिंगला आणि उरलेले दोन टेस्टिंगला जातात. वॉटरफॉलचीच ही छोटी आवृत्ती आहे आणि रॉइस यांचा इशारा तिलाही तितकाच लागू पडतो.

तरीही स्वतंत्र तपासणीची गरज येथे केवळ सवयीने टिकलेली नाही. ऑगस्ट २०१३ च्या परिपत्रकाने सेबीने, म्हणजे शेअर बाजारांच्या नियामक संस्थेने, शेअर बाजारांना दलालांसाठी कृत्रिम चाचणी वातावरण आणि दर महिन्याला किमान एक मॉक ट्रेडिंग, म्हणजे सरावापुरत्या खोट्या व्यवहारांचे, सत्र ठेवण्यास सांगितले, आणि नवे किंवा बदललेले सॉफ्टवेअर वापरात आणण्यापूर्वी दलालांनी त्याची चाचणी करणे बंधनकारक केले. बाजार बंद असलेल्या शनिवारी होणाऱ्या या सत्राची तारीख संघाच्या स्प्रिंटप्रमाणे हलत नाही. म्हणून दलाली पेढ्यांसाठी काम करणाऱ्या संघांना महिन्याची आखणी त्या शनिवारपासून मागे मोजत करावी लागते, आणि ज्यांनी चाचण्या कोडबरोबरच लिहिलेल्या असतात त्यांना शुक्रवारची रात्र कार्यालयात काढावी लागत नाही.