जिन्याचं रेलिंग: २०२ स्टील की ३०४?

घरातला जुना जिना कमी खर्चात नवा दिसावा असं वाटलं की पहिली नजर गंजक्या लोखंडी कठड्यावर जाते, आणि ते बरोबरच आहे. कठडा बदलायला पायऱ्या फोडाव्या लागत नाहीत आणि दोन-तीन दिवसांत काम उरकतं. फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, रनिंग फुटाचा भाव सांगतो आणि विचारतो, "दोनशेदोन लावू की तीनशेचार?" हे स्टेनलेस स्टीलचे दोन ग्रेड, म्हणजे दोन जाती. दोन्हींचे तुकडे समोर ठेवतो. दोन्ही आरशासारखे लखलखीत, हातात घेतले तर वजनही सारखंच. अशा वेळी माणूस स्वस्त तुकड्यावर बोट ठेवणारच.

मालवणला मामाच्या घरी हेच झालं. अंगणातून माडीवर जाणारा चिऱ्याचा उघडा जिना, त्याला नवं स्टीलचं रेलिंग. पहिला पावसाळा सरला आणि वेल्डिंगच्या प्रत्येक जोडाभोवती तपकिरी ठिपके उठले. मामी फडक्याने पुसायची, आठवड्याभरात ते परत दिसायचे. बिल काढून पाहिलं तर त्यावर नुसतं 'एस. एस. पाइप', म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाइप, एवढंच लिहिलेलं. कुठला, ते नाहीच.

स्टीलला गंजापासून वाचवतं ते त्यातलं क्रोमियम. हवेशी संयोग होऊन त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पृष्ठभागावर बसतो, आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. ३०४ मध्ये क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. २०२ मध्ये क्रोमियम जवळपास तेवढंच, पण निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणलेलं असतं आणि ती कसर ७.५ ते १० टक्के मँगनीज घालून भरून काढलेली असते. निकेल महाग, मँगनीज स्वस्त. भावातला फरक मुख्यतः इथून येतो. म्हणून २०२ म्हणजे भेसळ, असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. निकेलच्या टंचाईतून पुढे आलेली ती स्वतंत्र जात आहे आणि मजबुतीला ३०४ पेक्षा थोडी सरसच भरते. तिच्यावर भार टाकला म्हणून ती वाकणार नाही. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असल्यामुळे ती कमी पडते ते ओल आणि खार यांच्यापुढे.

ओळखायचं कसं? "लोहचुंबक लावून बघा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि इथे तो उपयोगाचा नाही. २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. पाइप वळवताना किंवा वेल्ड करताना जी किंचित ओढ येते ती दोन्हींना येऊ शकते. चुंबक घट्ट चिकटला तर पाइप या दोन्हींपैकी नाही एवढंच कळतं. खरी परीक्षा मँगनीजची. स्टीलच्या दुकानात तपासणीच्या द्रावणाची छोटी बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी असते. पाइपवर थेंब टाकून बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेल्या पाइपवर थेंब लालसर होतो. दुकानदारासमोर एवढं करून घ्यायला संकोच करू नका. आणि बिलावर ग्रेड आणि गेज (पाइपच्या पत्र्याची जाडी; आकडा मोठा तितका पत्रा पातळ) दोन्ही लिहून घ्या.

गेजचं मुद्दाम सांगते, कारण ग्रेडच्या चर्चेत ते निसटतं. हातधरणीचा २ इंची, २० फुटी पाइप १६ गेजचा असेल तर सुमारे १२ किलो भरतो, १८ गेजचा असेल तर सुमारे ९ किलो. ३०४ सांगून पातळ पाइप लावला तर ते रेलिंग हाताला डुगडुगतं. काट्यावर ठेवला की कळतं.

माझं मत विचाराल तर जिना कुठे आहे ते आधी पाहा. घराच्या आत, छपराखाली, समुद्रापासून लांब, म्हणजे सांगली-साताऱ्याकडच्या बंदिस्त जिन्याला २०२ खुशाल लावा. मामाने बाहेरचं रेलिंग काढून ३०४ बसवलं, पण जुने २०२ चे पाइप भंगारात दिले नाहीत. जोड कापून, बफिंग करून (घासून चकाकी आणून) तेच आतल्या जिन्याला लावले, आणि तिथे ते आजही स्वच्छ आहेत. पाऊस झेलणारा जिना, गच्चीचा कठडा, न्हाणीघराजवळचा कोपरा आणि कोकणपट्टीतलं बाहेरचं काम इथे मात्र ३०४ घ्या. अगदी किनाऱ्यावर त्यालाही डाग पडू शकतात, म्हणून अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं लागतं.

पैसे वाचवायचे तर डिझाइनमध्ये वाचवा. मजुरी, आरगॉन वेल्डिंग, बफिंग यांचा खर्च पाइप कुठलाही असला तरी बहुतेक तोच, त्यामुळे किलोच्या भावात दिसणारा फरक पूर्ण बिलात बराच लहान होतो. नक्षीचे गोळे आणि कमानी गाळल्या की तो बहुतेक निघून येतो. जुनी सागवानी हातधरणी शाबूत असेल तर ती ठेवा, फक्त खालचे उभे दांडे बदला. आडव्या नळ्या स्वस्त पडतात, पण घरात लहान मूल असेल तर ती त्याच्यासाठी शिडीच. तिथे उभ्याच घ्या.

काम संपल्यावर शेवटच्या दिवशी हजर राहा. बेस प्लेटचे (दांड्याच्या बुडाशी जमिनीला घट्ट बसवलेल्या पट्टीचे) बोल्ट लोखंडी निघाले तर गंजाचे ओघळ तिथूनच सुरू होतात. शेजारी ग्राइंडरने लोखंड कापलं तर उडालेले कण रेलिंगवर बसून गंजतात आणि दोष पाइपला लागतो. आणि फरशी धुवायला ॲसिड आणलं असेल तर ते रेलिंग बसवायच्या आधी वापरून घ्या. त्याच्या नुसत्या वाफेनेही ३०४ काळवंडतं.