शीर्षकपट्ट्या नाहीशा होतात तेव्हा

ठाण्यात वर्तकनगरमधील आमच्या सोसायटीच्या कार्यालयातील जुन्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली असून तिच्यावर एक्सएफसीई हे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे विंडो, पॅनेल वगैरे पुरवणारा प्रोग्रॅमांचा संच चालतो. गेल्या पावसाळ्यात देखभाल शुल्काचा तक्ता उघडा असताना सर्व विंडोंच्या शीर्षकपट्ट्या, म्हणजे नाव आणि बंद करण्याचे बटण असलेल्या वरच्या पट्ट्या, एकाएकी नाहीशा झाल्या. तक्ता दिसत होता, माउसने त्यातील रकाने निवडता येत होते. पण विंडो सरकवता किंवा लहान करता येईना. सचिवांना वाटले, संगणकच गेला. प्रत्यक्षात पडद्यामागील अनेक प्रोग्रॅमपैकी एकच बंद पडला होता.

पडद्यावर प्रत्यक्ष चित्र उमटवणे आणि कळफलक व माउसचे संदेश योग्य विंडोपर्यंत पोहोचवणे हे डिस्प्ले सर्व्हरचे काम. आमच्या संगणकावर ते एक्स ही प्रणाली करते. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात जन्मलेल्या या प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच आजही वापरात आहे. विंडो कशी दिसावी, कोणती वर यावी, याविषयी कोणताही आग्रह धरायचा नाही, केवळ साधने पुरवायची, असे तिच्या रचनाकारांनी ठरवले. त्यामुळे एक्सच्या दृष्टीने विंडो म्हणजे एक आयत. त्याला पट्टी, कडा आणि बंद करण्याचे बटण देणारा विंडो मॅनेजर हा सर्व्हरच्या दृष्टीने तक्त्याच्या प्रोग्रॅमसारखाच एक ग्राहक, म्हणजे सर्व्हरकडून सेवा घेणारा प्रोग्रॅम असतो. इतर प्रोग्रॅमांच्या विंडो मांडण्याचा खास अधिकार मात्र एका वेळी एकाच ग्राहकाला मिळतो. तो ग्राहक कोसळला, तर त्याने चौकटीत बसवलेल्या विंडो सर्व्हर वाचवतो. चौकटी तेवढ्या जातात. आमच्याकडे नेमके हेच घडले. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या विंडोतून, विंडो मॅनेजर पुन्हा सुरू करताच पट्ट्या परतल्या आणि भरलेला एकही आकडा गेला नाही.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे विंडो मॅनेजर, पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज अशा एकमेकांशी जुळवून घेतलेल्या प्रोग्रॅमांचा संच. केडीई हा असा संच १९९६ मध्ये या जुळणीच्या गरजेतून सुरू झाला, तर ग्नोम हा दुसरा संच १९९७ मध्ये.

या मोकळ्या रचनेत एक गंभीर उणीव आहे: एक्सवर कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टंकलेल्या कळा वाचू शकतो, अगदी पासवर्डसुद्धा. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या एक्सला पर्यायी व्यवस्थेत ही पळवाट ठेवलेली नाही. तेथे डिस्प्ले सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि विंडोंची चित्रे एकत्र करणारा कंपोझिटर ही तिन्ही कामे सहसा एकच प्रोग्रॅम करतो. ग्नोममध्ये हा प्रोग्रॅम मटर, केडीईमध्ये केविन. प्रत्येक विंडोला केवळ स्वतःसाठीच्या कळा मिळतात. मात्र असा एकत्रित प्रोग्रॅम कोसळला, तर बहुधा उघडे कामही त्याच्याबरोबर जाते. केडीईच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी त्यावर बऱ्याच अंशी तोडगा काढला असला, तरी मला हा व्यवहार अजून एकतर्फी फायद्याचा वाटत नाही.

आमच्या कार्यालयातील संगणक एक्सवरच आहे. विंडो मॅनेजर पुन्हा सुरू करण्याची आज्ञा सचिवांनी कागदावर लिहून त्याच्या पडद्याच्या कडेला चिकटवली आहे.