शाळा सुटली तरी छळ सुटेना: किशोरवयीन मुलांच्या ऑनलाइन छळाची पार्श्वभूमी

मुलांनी मुलांचा केलेला छळ गंभीर अभ्यासाचा विषय झाला तो १९७० च्या दशकात. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी स्वीडन-नॉर्वेतल्या शाळांमध्ये तो अभ्यासला. मुद्दाम, वारंवार आणि दुबळ्याला हेरून दिलेला त्रास, ही त्यांची चौकट आजही वापरात आहे. आपल्याकडे मात्र ‘पोरं चिडवणारच’ म्हणून विषय तिथेच संपायचा. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, पण त्याची चर्चा राहिली कॉलेज आणि होस्टेलपुरतीच.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. मग सायबर कॅफे आले, २००४ मध्ये ऑर्कुट ही सोशल नेटवर्किंग साइट आली. तरी तेव्हा तासाचे पैसे देऊन उठलं की निदान स्क्रीन मागे राहायची. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि वर्गाचा ग्रुप दप्तराबरोबर घरी येऊ लागला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळाच फोनमध्ये आली.

लालबाग-परळच्या एका खोलीच्या घरात याचा अर्थ काय होतो? आजी, आईबाबा, भाऊ, सगळे तिथेच झोपलेले. मुलगी चादर डोक्यावर ओढून, फोनचा उजेड कमी करून आपल्या फोटोखालच्या कमेंट पुन्हा पुन्हा वाचते. हुंदका आला तर घर जागं होईल, म्हणून तोही गिळते. सकाळी फक्त ‘पोट दुखतंय, शाळेत नाही जात’ एवढंच घराला ऐकू येतं.

हे नाटक नसतं. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात स्क्रीनवरच्या चेंडूच्या खेळातून माणसाला वगळलं, तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडलेला मेंदूचा एक भाग सक्रिय झालेला दिसला. ग्रुपमधून काढून टाकलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला किती लागत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. झोप उडणं, अभ्यासातून मन उठणं, चिंता, नैराश्य, स्वतःला इजा करण्याचे विचार, हे सगळं अशा मुलांमध्ये जास्त आढळतं. जी मुलं स्वतः छळली जातात आणि दुसऱ्यालाही छळतात, त्यांची अवस्था बहुधा सर्वांत वाईट असते.

कायद्याची वाट वेडीवाकडी झाली. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ आलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. ते योग्यच झालं, असं मला ठामपणे वाटतं. पॉक्सो हा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा आणि इतर तरतुदी लैंगिक गुन्ह्यांना चाप लावतात, पण ‘काळी’, ‘जाडा’ म्हणून रोज होणारी टिंगल त्यांत सहसा बसत नाही.

मदतीची सोय मुंबईतच उभी राहिली होती. १०९८ ही चाइल्डलाइन, म्हणजे मुलांसाठीची फोन हेल्पलाइन, १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली, पुढे तिथेच आयकॉल ही समुपदेशन सेवाही आली. तरीही मुलं गप्प राहतात, कारण घरी सांगितलं की आधी फोन काढून घेतला जातो, आणि त्यांचे उरलेसुरले मित्रही त्याच फोनमध्ये असतात.